अज्ञान की अविश्वास? : लसविरोधाच्या एका सोप्या निदानाची तपासणी

२०१८ च्या नोव्हेंबर महिन्यात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या सर्व मुलांना ही लस द्यायची होती आणि कामाचा मोठा भाग शाळांमधून व्हायचा होता. त्या सुमारास एका तालुक्याच्या गावी शिक्षकांपुढे बोलण्यासाठी आम्हांला बोलावले होते. गोवराचा विषाणू, प्रतिपिंडे, शरीराची 'स्मृती', समूहाची प्रतिकारशक्ती असे सगळे आम्ही चित्रे दाखवून तासभर समजावून दिले. व्याख्यान संपल्यावर एक शिक्षिका उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, लस कशी काम करते हे तुम्ही छान सांगितलंत. पण आमच्या पालकांनी मला ते विचारलंच नव्हतं. ते विचारत होते, आमच्या मुलाला सुई टोचायचं ठरलं तेव्हा आम्हांला कुणी विचारलं? आणि उद्या त्याला काही झालं तर आम्ही कुणाकडे जायचं? याचं उत्तर मी काय देऊ?"

आमच्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. आम्ही पुन्हा एकदा प्रतिपिंडांबद्दल बोललो आणि वेळ मारून नेली. त्या बाई मुकाट्याने खाली बसल्या. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. त्याचबरोबर तो विज्ञानप्रसार करणाऱ्या मंडळींच्या, म्हणजे आमच्याही, एका सवयीवरचा टीकालेख आहे.

निदान आणि त्याची कसोटी

लस नाकारणाऱ्या माणसाबद्दल आपण लिहितो तेव्हा आपले निदान ठरलेले असते. त्याला विज्ञान कळत नाही, तो अंधश्रद्ध आहे, अफवांना बळी पडतो. निदान ठरले की उपचारही ठरतो. त्याला माहिती द्या, म्हणजे त्याचा विरोध मावळेल. आपल्या नियतकालिकांतील लसीकरणावरचे बहुतेक लेख याच समजुतीवर उभे असतात.

विद्यार्थ्यांना आपण शिकवतो की कोणताही तर्क मान्य करण्यापूर्वी त्यातून काय काय निष्पन्न व्हायला हवे ते पाहावे आणि ते प्रत्यक्षाशी ताडून बघावे. हीच कसोटी आपल्या निदानाला लावून पाहू. विरोधाचे मुख्य कारण जर अज्ञान असेल, तर जेथे शिक्षण आणि विज्ञान यांचा प्रसार अधिक तेथे लसीवरचा विश्वासही अधिक असायला हवा. २०१८ साली ब्रिटनमधील वेलकम या संस्थेने एकशे चाळीसहून अधिक देशांत एक पाहणी केली. 'लसी सुरक्षित आहेत' या विधानाशी सर्वांत जास्त लोक असहमत कोठे निघाले? फ्रान्समध्ये, म्हणजे लुई पाश्चरच्या देशात! तेथे दर तिघांपैकी एकाने या विधानाशी आपण असहमत असल्याचे सांगितले. उलट बांगलादेश आणि रवांडा या देशांतील जवळजवळ सर्वांनी लसींवर विश्वास व्यक्त केला. फ्रेंच माणूस बांगलादेशी माणसापेक्षा जीवशास्त्रात कच्चा आहे असे कोणी म्हणणार नाही.

फ्रान्समध्ये घडले होते ते वेगळेच. १९८० च्या दशकात एड्सच्या विषाणूने दूषित झालेले रक्तघटक रुग्णांना दिले गेले आणि त्या प्रकरणात पुढे मंत्र्यांवरही खटले चालले. २००९ साली स्वाइन फ्लूच्या साथीत सरकारने लसीचे ९ कोटी ४० लाख डोस मागवले. प्रत्यक्षात दहातल्या एकानेही लस घेतली नाही. एवढी खरेदी कोणाच्या सल्ल्याने झाली, यावर संसदेत चौकश्या झाल्या. लोकांची शंका लसीच्या रसायनापाशी सुरू झाली नव्हती. लस देणाऱ्यांच्या सचोटीपाशी ती सुरू झाली होती.

म्हणून आमचे म्हणणे असे : लसीविषयीची शंका पुष्कळदा राजकीय असते. 'राजकीय' हा शब्द आम्ही केवळ पक्षांच्या अर्थाने वापरत नाही. माझ्या शरीराविषयी निर्णय कोण घेणार, धोका कोणी पत्करायचा, लाभ कोणाला मिळणार आणि चूक झाली तर जबाब कोण देणार, हे सगळे सत्तेचे आणि म्हणून राजकारणाचे प्रश्न आहेत. त्यांना जीवशास्त्राचे उत्तर देणे म्हणजे इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत गणिताची उत्तरे लिहिण्यासारखे आहे. उत्तर बरोबर असले तरी गुण मिळत नाहीत.

लेस्टरमधील पालक

लसविरोध काही आजचा नाही. इंग्लंडमध्ये १८५३ च्या कायद्याने तान्ह्या मुलांना देवीची लस टोचणे सक्तीचे झाले. १८६७ आणि १८७१ च्या कायद्यांनी ही सक्ती आणखी आवळली. नकार देणाऱ्या पालकांना दंड होई आणि तो पुन्हापुन्हा करता येई. श्रीमंताला हा दंड जाणवत नसे. मजुराने तो भरला नाही तर त्याच्या घरातील सामानाचा लिलाव होई किंवा त्याला तुरुंगात जावे लागे. लस टोचण्याची तेव्हाची पद्धतही लक्षात घ्यायला हवी. एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस काढून ती दुसऱ्या मुलाला टोचत. आठ दिवसांनी मूल परत आणले की त्याच्या दंडातील लस पुढच्या मुलांसाठी काढून घेत. या दंडातून दंडात जाणाऱ्या लसीबरोबर क्वचित उपदंशासारखे रोगही जात. म्हणजे पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती.

लेस्टर या कारखान्यांच्या गावात हजारो पालकांवर खटले झाले. मार्च १८८५ मध्ये तेथे लसविरोधकांचा प्रचंड मोर्चा निघाला. या चळवळीच्या पाठीराख्यांमध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस होते. डार्विनबरोबरच नैसर्गिक निवडीचे तत्त्व स्वतंत्रपणे मांडणारे हेच ते वॉलेस. त्यांना विज्ञान कळत नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोण करील? आजच्या माहितीच्या प्रकाशात पाहता लसीच्या परिणामकारकतेविषयीचा वॉलेस यांचा निष्कर्ष चूक होता यात संशय नाही. पण सक्तीचा भार गरिबांवर पडतो आणि वैद्यकीय अधिकारी आपल्या चुका झाकतात, ही त्यांची तक्रार चूक नव्हती.

सरकारने १८८९ मध्ये शाही आयोग नेमला. आयोगाने सात वर्षे काम केले आणि १८९८ साली कायदा बदलला. सद्सद्विवेकबुद्धीने विरोध असणाऱ्या पालकांना सूट मिळाली आणि दंडातून दंडात लस टोचण्याची पद्धत बंद होऊन वासरापासून काढलेली लस आली. दरम्यान लेस्टरच्या नगरपालिकेने देवीचा रोगी ताबडतोब कळवणे, त्याला वेगळे ठेवणे आणि त्याच्या संपर्कातील लोकांवर लक्ष ठेवणे ही पद्धत बसवली होती. १९७० च्या दशकात देवीचे निर्मूलन झाले ते रोगी शोधून त्याच्याभोवती लसीचे कडे उभारण्याच्या पद्धतीने. तिच्यातला रोगी हुडकण्याचा आणि वेगळा ठेवण्याचा भाग लेस्टरच्या पद्धतीशी नाते सांगणारा आहे. म्हणजे 'अडाणी' विरोधकांच्या गावाने सार्वजनिक आरोग्याच्या शास्त्रात भरही घातली.

या प्रकरणातील एक सूत्र पुढे वारंवार दिसेल, म्हणून ते येथेच नोंदवून ठेवू. तक्रार खरी असते, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असू शकतो. 'सरकार माझ्यावर जुलूम करते' हे खरे असले तरी 'म्हणून लस निरुपयोगी आहे' हे सिद्ध होत नाही. आपण विज्ञानवादी मात्र नेमकी उलटी चूक करतो. निष्कर्ष चुकीचा आहे म्हणून तक्रारही खोटी, असे आपण धरून चालतो.

पुणे, १८९७

हे सूत्र तपासण्यासाठी फार लांब जायला नको. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांना जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. पुण्यात रँड यांच्या देखरेखीखाली गोरे सैनिक घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. स्त्रियांची तपासणी, देवघरांत बुटांनी वावरणे, सामानाची नासधूस या गोष्टींनी शहर संतापले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली, हे आपण सारे शाळेत शिकतो.

शाळेत न शिकवलेली गोष्ट अशी की त्याच वर्षाच्या १० जानेवारीला मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी आपली नवी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर तिची चाचणी झाली आणि ती उपयुक्त ठरली. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने लस आणि सोजिर एकाच दारातून येत होते. दोन्हींच्या मागे एकच सरकार होते. त्याने दोहोंत भेद करावा ही अपेक्षा फार मोठी होती. पुण्यात लोक रोगाला भीत नव्हते किंवा उपचारच नको म्हणत होते असेही नाही. टिळकांनी सरकारी दंडेलीवर टीका केली, पण शहर सोडले नाही आणि हिंदू रुग्णांसाठी रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतः प्लेगने १० मार्च १८९७ रोजी वारल्या. लोकांना आपली माणसे चालत होती. त्यांना नको होती ती बंदूक.

त्यानंतर १९०२ साली पंजाबात मुलकोवाल येथे दुर्घटना घडली. ३० ऑक्टोबर रोजी तेथे १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. चौकशी आयोगाने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना आपले पद गमवावे लागले. खरा प्रकार असा होता की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. ही माहिती उपलब्ध असूनही हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना त्यासाठी वृत्तपत्रात पत्र लिहावे लागले. ज्या प्रयोगशाळेतून ते बाहेर पडले तिला १९२५ साली त्यांचेच नाव दिले गेले. अपघात झाला तर सरकार प्रामाणिक शोध घेईल की कोणाला तरी बळी देऊन मोकळे होईल, हा प्रश्न त्या काळी गावकऱ्यांना पडला असेल तर त्यात नवल नव्हते. खुद्द लस शोधणाऱ्यालाच त्याचे उत्तर मिळायला पाच वर्षे लागली.

पोलिओचे थेंब

'हे परकीय राज्याचे झाले, स्वतंत्र देशात असे का व्हावे?' असे कोणी विचारील. म्हणून आपल्या पोलिओ मोहिमेकडे वळू. २००२ साली भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले. त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते. पश्चिम उत्तर प्रदेशातील अनेक मुस्लिम वस्त्यांत लोक दार लावून घेत. थेंबांनी मुले पुढे नपुंसक होतात अशी अफवा होती. वृत्तपत्रांनी तीच उचलून धरली आणि आपल्या निदानाला पुष्टी मिळाली.

पण वस्त्यांतील लोक आणखी दोन गोष्टी बोलत होते. पहिली अशी की आमच्याकडे दवाखाना नाही, गटारे तुंबली आहेत, मूल हगवणीने गेले तर कोणी फिरकत नाही, मग याच एका रोगासाठी सरकार दर महिन्याला दारात का येते? दुसरी अशी की आमच्या मुलांनी पुष्कळ वेळा थेंब घेतले, तरी त्यांना पोलिओ झालाच. ही दुसरी तक्रार शास्त्रज्ञांनी तपासली तेव्हा ती खरी निघाली. दाट वस्ती, अस्वच्छता आणि सततची हगवण यांमुळे तेव्हाच्या तिहेरी लसीच्या एका डोसाची परिणामकारकता उत्तर प्रदेशात जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास भरली. उर्वरित भारतात ती याच्या दुपटीहून अधिक होती. ज्यांना आपण अज्ञानी म्हणत होतो त्यांचे निरीक्षण अचूक होते. त्यातून पुढे २००५ मध्ये एकाच प्रकारच्या विषाणूविरुद्धची आणि २०१० मध्ये दुहेरी लस वापरात आली.

पहिल्या तक्रारीलाही उत्तर दिले गेले. वस्तीतल्याच स्त्रियांना कामावर घेतले गेले, इमाम आणि अलीगढ व जामिया मिलिया येथील विद्यापीठांची मदत घेतली गेली. थेंबांबरोबर हगवणीवरचे उपचार, हात धुणे, स्वच्छता या गोष्टीही हाती घेतल्या गेल्या. भारतातील नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात नोंदला गेला. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. विषाणूचे चित्र समजावून सांगितल्याने हे घडले नाही. चांगली लस आणि कमावलेला विश्वास अशी दोन पावले बरोबर पडली तेव्हा ते घडले.

विश्वास गमावल्यावर काय होते याचीही उदाहरणे आहेत. नायजेरियातील कानो राज्याने २००३ मध्ये पोलिओची लस थांबवली आणि बंदी उठेपर्यंत जवळजवळ वर्ष गेले. तेथून विषाणू इतर अनेक देशांत पसरला. त्याच कानोमध्ये १९९६ च्या मेनिंजायटिसच्या साथीत फायझर या कंपनीने २०० मुलांवर एका नव्या औषधाची चाचणी घेतली होती आणि पालकांची संमती नीट घेतली गेली होती की नाही यावरून वर्षानुवर्षे वाद चालू होता. पाकिस्तानात २०११ साली ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने अबोटाबादमध्ये काविळीच्या लसीकरणाचा बनाव रचला. पुढच्या वर्षापासून तेथे पोलिओच्या कार्यकर्त्यांचे खून होऊ लागले. 'लसीमागे परक्या सत्तेचा डाव आहे' ही अफवा निदान एकदा तरी शब्दशः खरी करून दाखवण्यात आली होती! एका हेरगिरीची किंमत कोणी मोजली, तर थेंबांची पेटी घेऊन फिरणाऱ्या पोरीबाळींनी.

शंकेचा व्यापार

येथवर वाचून कोणाला वाटेल की आम्ही लसविरोधकांची वकिली करतो आहोत. तसे नाही. शंका जशी अन्यायातून जन्मते तशी ती पिकवून विकताही येते, आणि हेही राजकारणच आहे. १९९८ साली ब्रिटनमधील अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवला. लसउत्पादकांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून त्यांना पैसे मिळत होते, हे नंतर उघड झाले. २०१० मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला. पण शंका मागे घेता येत नाही.

अमेरिकेत कोविडच्या काळात लस घेणे वा न घेणे ही पक्षनिष्ठेची खूण बनली. ओहायो आणि फ्लोरिडा या राज्यांतील नोंदणीकृत मतदारांच्या मृत्यूंचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व प्रौढांसाठी लस खुली होण्यापूर्वी दोन प्रमुख पक्षांच्या मतदारांतील जादा मृत्यूंत फारसा फरक नव्हता. लस खुली झाल्यानंतर मात्र रिपब्लिकन मतदारांतील जादा मृत्यूंचे प्रमाण डेमोक्रॅटिक मतदारांपेक्षा स्पष्टपणे अधिक निघाले. विषाणू मतदारयादी वाचत नाही, पण माणसे आपापल्या पुढाऱ्यांचे ऐकतात. २०२५ मध्ये टेक्सास राज्यात गोवराची मोठी साथ आली आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुले दगावली. ज्या देशाने २००० साली गोवर हद्दपार झाल्याचे जाहीर केले होते त्या देशात हे घडले.

लेस्टरचा मजूर आणि दूरचित्रवाणीवर लसीविरुद्ध बोलून मते मिळवणारा पुढारी यांना आपण एकाच तागडीत तोलू नये. पहिल्याला उत्तर द्यायचे असते, दुसऱ्याला उघडे पाडायचे असते. दोघांनाही 'अज्ञानी' म्हणून टाकले की दुसऱ्याचेच फावते. कारण दुखावलेला पहिला माणूस मग त्याच्याच सभेला जाऊन बसतो.

खम्मम आणि सिक्कीम

आता शिक्षकांशी थेट संबंध असलेले उदाहरण. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने भारतात दरवर्षी सत्तर हजारांहून अधिक स्त्रिया मरतात. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूविरुद्ध चांगली लस उपलब्ध आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत पाथ ही अमेरिकी संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारे यांनी मिळून १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना ही लस दिली. त्यांत आदिवासी आणि गरीब घरांतील मुली पुष्कळ होत्या. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये कार्यक्रम थांबवण्यात आला.

चौकशीत असे आढळले की या मृत्यूंचा लसीशी संबंध असण्याची शक्यता जवळजवळ नाही. कोणी बुडून, कोणी सर्पदंशाने, कोणी हिवतापाने गेली होती. म्हणजे लस निर्दोष होती. पण संमतीची कागदपत्रे तशी नव्हती. आंध्र प्रदेशातील तपासलेल्या साडेनऊ हजारांच्या आसपास संमतिपत्रांपैकी सत्तावीसशेंहून अधिक पत्रांवर आईवडिलांच्या ऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले. 'सही करून टाका, चांगलेच काम आहे' असे वरून कोणी सांगितले असेल आणि खालच्यांनी ती केली असेल. चांगल्या हेतूने घेतलेल्या त्या सह्यांनी एका चांगल्या लसीचा मार्ग पुढे कित्येक वर्षे अडवून धरला. त्या वर्षांत ज्या मुली लसीवाचून मोठ्या झाल्या त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आता दुसरी बाजू पाहा. २०१८ मध्ये सिक्कीमने हीच लस राज्यभर दिली, तीही मुख्यतः शाळांतूनच. पण आधी शिक्षक, पालक, डॉक्टर आणि वार्ताहर यांच्याशी बोलणी झाली, शंका ऐकून घेतल्या गेल्या. पहिल्या फेरीत ९५ टक्क्यांहून अधिक मुलींनी लस घेतली. लस तीच, देश तोच, शाळेचा वर्गही तसाच. बदलले होते ते फक्त विचारण्याचे राजकारण.

शिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर

ज्या मोहिमेच्या वेळी त्या शिक्षिकेने आम्हांला प्रश्न विचारला, तिच्यावरून जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेले होते. पालकांनी विरोध कळवला नाही म्हणजे त्यांची संमती आहे असे धरता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या संदर्भात निकाल दिला की कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी बंधने घालण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, आणि लसीनंतरच्या दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना उघडपणे पाहता याव्यात असेही सांगितले. म्हणजे पालकांनी त्या शिक्षिकेला विचारलेले दोन्ही प्रश्न देशातील न्यायालयांपर्यंत पोचले होते आणि तेथे ते अज्ञानाचे म्हणून हसण्यावारी नेले गेले नाहीत.

पण २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या परिसरात, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि मुले दगावली, हेही विसरता येणार नाही. गोवराचा एक रोगी प्रतिकारशक्ती नसलेल्या बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. म्हणून समाजातील ९५ टक्के मुलांना लस मिळाली तरच साथ थोपते. संमती मागायची म्हणजे लसीचा आग्रह सोडायचा, असे मुळीच नाही. आग्रह धरायचाच, पण विचारून.

आज ती शिक्षिका भेटली तर आम्ही तिला सांगू : पालकांच्या तक्रारी तीन ढिगांत वाटा. पहिल्या ढिगात लसीविषयीचे प्रश्न. त्यांची उत्तरे आकड्यांनी द्या आणि धोका शून्य आहे असे सांगू नका. ही लस घेतल्यावर काही मुलांना ताप येतो, थोड्यांना पुरळ उठते आणि जिवावर बेतणारी तीव्र प्रतिक्रिया दहा लाखांत एखाद्याला होते. चांगली रुग्णालये असलेल्या देशांतही गोवर झालेल्या दर हजार मुलांपैकी एक ते तीन दगावतात. दोन्ही आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहा. दुसऱ्या ढिगात अधिकाराचे प्रश्न : आम्हांला विचारले का, काही झाले तर जबाब कोण देणार? यांना व्याख्यान हे उत्तर नाही. आठवडाभर आधी पालकसभा, त्यांच्या भाषेत लिहिलेले संमतिपत्र, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांची सभेला हजेरी, त्यांचे नाव आणि फोन क्रमांक, लस दिल्यावर अर्धा तास मुलांवर लक्ष ठेवण्याची सोय हे उत्तर आहे. पालकाच्या जागी स्वतः सही मात्र कधीही करू नका. तिसऱ्या ढिगात अफवा. त्या कोणी पसरवल्या आणि त्यातून कोणाचा फायदा होतो, हे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना शोधायला लावा. हा विज्ञानाचा आणि नागरिकशास्त्राचा एकत्र तास होईल.

बहुतेक वेळा असे आढळेल की सर्वांत मोठा ढीग दुसरा आहे आणि आपली सगळी तयारी पहिल्यासाठीच झालेली आहे. निदान आमची तरी तशी होती. लसीच्या विज्ञानावर आम्ही आजवर बरेच लिहिले. ते चुकीचे नव्हते, पण ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. विचारलेला प्रश्न नीट ऐकून घेणे ही वैज्ञानिक पद्धतीची पहिली पायरी आहे, आणि त्या दिवशी ती आम्ही चुकलो होतो.